बाबांच्या कॅसेटचा भाव

ऊर्जानगर, मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या भीमगीतांची एकच कॅसेट निघाली होती. आमच्या घरची प्रत बुरशीनं गेली, मग बाबाही गेले. आज सकाळी तीच कॅसेट मोबाइलवर विकायला दिसली, नऊशे रुपयांना. मी वेडी! विकणाऱ्याला फोन करून सांगून बसले, "गाणारे माझे बाबा आहेत." तो नुसता "अच्छा" म्हणाला.

दुपारी पाहिलं तर भाव सहा हजार. खाली नवीन ओळ, 'दुर्मिळ, दुसरी मिळणार नाही.' काऊन बोलले मी? नऊशेची वस्तू! तासाभरानं पुन्हा पाहिलं, साडेआठ हजार. दुसऱ्या कोणी उचलली तर? भीतीनं पैसे भरून टाकले. लगेच त्याचा मेसेज आला, 'वाजवून पाहिलेली नाही. परत घेणार नाही.'

म्हणजे टेप कोरीही असेल? बाबांचा आवाज पुसला गेला असेल?

आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "आवाज नसन निघाला, त मले सांगू नको पोरी. रस्त्यात हरवली म्हणून सांग."