साइडकार आणि न उघडणारा डबा

भाऊजींना वहिनीचा मनापासून नमस्कार.

तुमची गुडघेदुखी आणि जाऊबाईंचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करते. मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, वाचते, आणि चहा अजून दोघांचा टाकते, दोन्ही कप मीच पिते.) हे गेल्यापासून तुम्ही फोन नेमाने करता, पण घराची पायरी काही चढला नाहीत. मी रागावलेली नाही. थोडी आहे.

तर दर रविवारी तुम्ही दोघे भाऊ जे साइडकार नावाचं कॉकटेल घ्यायचात, ते मी स्वतःच करायला घेतलं. कृती वाचनालयातल्या पुस्तकात सापडली: ब्रँडी, तिच्या निम्मं संत्र्याचं लिकर (गोड दारूच ती) आणि तेवढाच लिंबाचा रस. ब्रँडी यांच्या कपाटात होतीच. लिकर आणायला गेले तर दुकानदार म्हणतो, "काकू, केकमध्ये घालायला का?" म्हटलं, "नाही रे बाबा, पोटात घालायला." त्याने बाटली कागदात गुंडाळून दिली. (मी लाजत नव्हते, तोच लाजत होता.)

पुढे लिहिलं होतं, बर्फ घालून जोरात हलवा. हे असताना कशात हलवायचे कोण जाणे. मी आपला यांचा ऑफिसचा स्टीलचा डबा घेतला. इतका हलवला की खालच्या मजल्यावरचे निवृत्त फिटर "भिंत पाडताय का?" विचारत वर आले. तोवर गारठ्याने झाकण असं घट्ट बसलं की हलेना. फिटरकाकांनी डबा मांडीत धरला, पाना लावला, दातओठ खाऊन पिळला. झाकण उघडलं आणि पेय त्यांच्या शर्टावर. ते तसेच घरी गेले आणि लगेच त्यांची बायको माझ्या दारात. "काय पाजलंत हो यांना?" म्हटलं, "पाजलं कुठे, आंघोळ घातली." तळाशी उरलेलं तिला चमच्याने दिलं. ओठ चाटत म्हणाली, "लिंबू जरा कमी करा." मग पुढचा डाव तिने उभं राहून करवून घेतला. (काचेच्या बरणीत.)

आता जमलंय असं आम्हा दोघींचं मत. पण आमच्या मताला काय किंमत? हे करायचे तेव्हा मी "मला नको" म्हणून पुस्तक घेऊन आतच बसायची. यांच्या हातची चव आता फक्त तुम्हाला माहीत आहे.

तुमची वहिनी

ता. क. मुद्दाम यायलाच हवं असं नाही. रविवारी दुपारी बर्फ तयार असेल, एवढंच कळवते.

आणखी एक. दादाची रिकामी खुर्ची बघवत नाही म्हणून तुम्ही येत नाही, असं जाऊबाई म्हणाल्या. ती रिकामी नाही हो. हल्ली तिच्यात मी बसते. रिकामी आहे ती तुमची.