पुंडलिकरावांचा रशिया

४ डिसेंबर १९७८, सोमवार. शहापूर.

पोहोचलो एकदाचा! नागपूरहून एसटीनं दोन तासही लागले नाहीत. हमरस्त्यावरच्या हॉटेलात चहा घेतला, मालकाला नाव सांगितलं, त्यानं लगेच मला मधुकरराव करून टाकलं. धानाची कापणी उरकली आहे. हवा अशी आहे की माणसाला उगाचच चालावंसं वाटतं. अंगात सत्यभामेनं शिवून घेतलेला तपकिरी कोट. लग्नाला आठच महिने झालेत, तिला सहावा महिना चालू आहे, तेव्हा कोटाचं कौतुक अजून टिकून आहे.

काम असं की कोसा कापडाचे व्यापारी आणि विणकर सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिकराव गेल्या वर्षी जानेवारीत एका मैत्री-शिष्टमंडळातून तीन आठवडे रशियाला जाऊन आले. त्याचं प्रवासवर्णन लिहायचं. लिहिणार मी, नाव त्यांचं. लंडन, जपान आणि स्वित्झर्लंड मी असेच लिहिले आहेत. स्वतः रायपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. लागतं काय त्याला? पहिल्या प्रकरणात विमानतळावरचे हार, पाचव्यात घरच्या चहाची आठवण, शेवटच्यात मायभूमीला नमस्कार. मधल्या जागेत बर्फ.

घर मोठं आहे, मागे मागांची ओळ. वरची खोली मला. शेजारच्या खोलीत खुद्द पुंडलिकराव. त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी ताट वाढलं ते दारातून सरकवून. असतात अशी घरं.

६ डिसेंबर

पुंडलिकरावांनी बायकोला तिथून लिहिलेली नऊ पत्रं मिळाली. मी सरकारी भाषणांची अपेक्षा केली होती, पण हा माणूस बघणारा निघाला. लिहितो की इथं रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग विचारायचं काय मिळतंय. रस्त्यात कुणी हसत नाही, विनाकारण हसणारा त्यांना बावळट वाटतो. पण घरी नेलं की तीन तास उठू देत नाहीत, रडतात, गातात, आपल्या मेलेल्या माणसांचे फोटो दाखवतात. अनोळखी म्हातारी भर चौकात त्याला थांबवून टोपी का नाही घातली म्हणून रागावली. तो लिहितो, ‘आपल्या आजीवानीच वाटली मले.’

वाचताना मजा आली. प्रत्यक्ष भेटीत मात्र पुंडलिकराव म्हणजे निराळंच प्रकरण. खुर्चीत बसून असतात. भर दुपारी अंगात जाड काळा परदेशी कोट. रशियाचं काही विचारलं की म्हणतात, पत्रात आहे ते घ्या. आणि मराठी कशी, तर छापील. सबंध घर ‘मले-तुले’ बोलतं आणि हे गृहस्थ शालेय पुस्तकासारखे.

९ डिसेंबर

नववं पत्र विचित्र आहे. नाटकाला गेले होते. तिथं कोट घालून आत बसणं असभ्य समजतात, तो दाराशी जमा करायचा आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. नाटक संपल्यावर ह्यांनी बिल्ला पुढे केला, तर कोट सांभाळणारी बाई म्हणाली, तुम्ही तर मघाच कोट घेऊन गेलात. पासपोर्ट कोटात. हॉटेलवर गेले तर तिथंही तेच, पुंडलिकराव तर मघाच वर गेले. पत्र इथं संपतं.

पुस्तकासाठी मी हे गाळलं. कोट हरवणारा अध्यक्ष शोभत नाही. पुढे काय झालं ते विचारलं, तर पुंडलिकराव म्हणाले की काही नाही, कोट मिळाला. मग मलाच विचारत बसले. घर कुठल्या गल्लीत, किती पायऱ्या, बायको मला काय म्हणून हाक मारते, चहात आलं घालते का. बोलायला कुणी नव्हतंच इथं. मीही सांगत सुटलो.

१३ डिसेंबर

हे गाव मला आवडेनासं झालंय, आणि गावालाही मी. मागांवर गेलो की विणकरांच्या हातातले धोटे थांबतात आणि सगळे माझ्या पायांकडे बघतात, उलटे तर नाहीत ना म्हणून. आज पोर्चमध्ये उभा होतो तर एक जण मुद्दाम माझ्या चपलेजवळ थुंकला. त्यातला म्हातारा तुलाराम तेवढा जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काहून आले जी इथं? त्या मानसाले काई सांगू नोका.” त्याच माणसासाठी मी आलोय, असं मी जरा तोऱ्यातच ऐकवलं. तो निघून गेला.

पुंडलिकरावांना एकाही विणकराचं नाव ठाऊक नाही. पंधरा वर्षं अध्यक्ष आहेत म्हणे.

सत्यभामेला पत्र लिहिलं. टपालात टाकतो म्हणून पुंडलिकरावच घेऊन गेले. तासाभरानं पाहिलं तर खुर्चीत बसून ते माझं अक्षर गिरवत होते. विचारलं, तर म्हणाले की वळण छान आहे.

१७ डिसेंबर, रविवार

गोदावरीबाई आज पहिल्यांदा वर आल्या. पदराखालून पत्रांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे टाकला आणि उभ्या राहिल्या. तीसेक पत्रं असतील. अक्षर तेच, तिकिटं रशियाची. शिक्क्यांवरचे आकडे वाचता येतात. मार्च ७७. ऑगस्ट ७७. शेवटचं गेल्या महिन्यातलं.

पुंडलिकराव फेब्रुवारी ७७ मध्ये घरी आलेत.

सगळी वाचली. तो लिहितो की मी इथंच आहे. छळ नाही, गरम रस्सा देतात, अधिकारी नम्र आहे, पण या देशात माणूस कागदात असतो आणि माझा कागद घेऊन कुणीतरी गेलं. खोलीत असे अकरा जण आहेत, सगळ्यांचे कोट कुणी ना कुणी नेलेले. सगळे घरी पत्रं लिहितात. जबाब कुणालेच येत नाई. कोटवालीचा राग नाही त्याला. तिनं बिल्ला पाहिला, चेहरा पाहिला नाही. तीच आता त्याच्यासाठी हातमोजे विणते आहे.

शेवटच्या पत्रात एकच ओळ: ‘तू त्याले घरात घेतलं का?’

मी वर पाहिलं. गोदावरीबाई रडत नव्हत्या. त्यांनी सांगितलं, तो दारात आला तेव्हा कोट ह्यांचा, बोलणं थोडं वेगळं, त्यांनाही शंका आली होती. पण परदेशाहून आलेला नवरा! वस्तीतल्या बायकांनी दार अडवलं, भाकरतुकडा ओवाळला आणि नाव घेतल्याशिवाय सोडेनात. “मी घेतलं जी. नाव घेतलं तसा तो उंबऱ्याच्या आत आला. नसतं घेतलं तं दारातच राह्यला असता.”

२० डिसेंबर

निघायला हवं होतं. नाही निघालो. का, तर पत्रं वाचायची होती. दुसऱ्यांच्या नावानं ‘मी’ लिहीत आलो जन्मभर, हा पहिलाच माणूस ज्याचा ‘मी’ खरा. आजवर जे लिहिलं त्याची लाज वाटली. हे पुस्तक खरं लिहायचं. गाळलेलं सगळं परत घालायचं.

गोदावरीबाई रोज दोन-दोन पत्रं जास्तीची आणून देतात. जेवणही आता बरं वाढतात, लाखोळीची डाळ, वर तूप. आणि रोज दुपारी शेजारच्या खोलीतला तो येऊन बसतो. मी काही सांगत नाही. पण त्याच्या प्रश्नांवरून वाटतं, मी झोपेत सगळं सांगून बसलोय की काय. लग्नातल्या उखाण्यात सत्यभामा कुठं अडखळली, तेही त्याला ठाऊक आहे.

आज तो खोकला. माझा खोकला.

२२ डिसेंबर, शुक्रवार

छापील मराठी गेली त्याची. माझ्यासारखा बोलतो. वाक्य संपताना माझ्यासारखाच ‘असो’ म्हणतो. मागांवरून कुणीतरी त्याला मधुकरराव म्हणून हाक मारली आणि तो वळला. मीही वळलो, पण नंतर.

उद्या पहिल्या गाडीनं जाणार. पिशवी भरली आहे. कोट सापडत नाही.

२३ डिसेंबर, शनिवार

दार बाहेरून बंद.

सकाळी खिडकीतून पाहिलं. तपकिरी कोट घालून तो हमरस्त्याकडे चालला होता. हातात माझी पिशवी. माझीच चाल, डावा खांदा जरा खाली. नागपूरची गाडी थांबली, तो चढला. गोदावरीबाई अंगणात उभ्या होत्या. कोट त्यांनीच काढून दिला. विचारलं तर लपवलंही नाही. दाराच्या पलीकडून म्हणाल्या, “माह्या मानसाची जागा खाली कराची होती जी. त्याले दुसरं कोनाचं नाव भेटल्याबिगर तो जात नव्हता. दोन दिस थांबा, मंग खोलतो.”

म्हणून पत्रं. म्हणून तूप. मला वाचत ठेवलं, आणि तो मला शिकत राहिला. कसायाकडे गाय द्यावी तसं दिलं या बाईनं मला!

सत्यभामेला दोन पत्रं लिहिली. येईल तो मी नाही. दारात नाव घेऊ नकोस. कुणी कितीही अडवलं तरी घेऊ नकोस. खिडकीतून खाली टाकली. तुलारामनं उचलली, वर पाहिलं, मुंडी हलवली. भंडाऱ्याला जाऊन टाकतो म्हणाला. पोहोचतील का वेळेत—

२४ डिसेंबर, रविवार

दार ठोकून हात सोलले.

ती नाव घेणार नाही. लाजते ती. पण शेजारच्या ताराबाई आहेत, त्या दार अडवल्याशिवाय राहायच्या नाहीत—

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काहीतरी झालं. दुखलं नाही. हाक मारून कुणी निघून जावं तसं.

२६ डिसेंबर

दार उघडं आहे. गोदावरीबाई म्हणाल्या, जा आता कुठं जाता तं. त्यांना तार आली आहे, मॉस्कोहून. कागद मिळाला, निघतो. बाई हसत होत्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्ची अंगणात काढून धुतली.

हमरस्त्यावर गेलो. हॉटेलवाल्यानं चहा दिला. मी म्हटलं ओळखलं ना. तो म्हणाला, “मधुकरराव तं शनवारीच गेले. तुमी कोन जी?”

सांगायला तोंड उघडलं. गाडी आली. गेली.

खोलीत परत आलो. खुंटीवर तो काळा कोट आहे. थंडी फार आहे. घातला.

२८ डिसेंबर

सत्यभामेचं पत्र. पाकिटावर ‘श्री. पुंडलिकराव यांस’.

लिहिते की आमचे हे वाटेत कुणाकडे एक रात्र थांबून रविवारी संध्याकाळी सुखरूप आले. ताराबाईंनी दार अडवलं, नाव घ्यायला लावलं, घेतलं. मंगळवारी तुमची दोन पत्रं आली. ह्यांचं अक्षर हुबेहूब काढता. मला भीती वाटते. सातवा महिना लागलाय, असं काही वाचवत नाही. पुन्हा लिहू नका.

सातवा! मला हे— त्याला ठाऊक असेल.

पुन्हा लिहायला बसलो आहे. शेवटचं. आपल्या दोघांनाच माहीत असलेलं एक काहीतरी हवं, म्हणजे पटेल तिला. आठवतो. एक आठवलं, ते त्याला सांगून झालंय. दुसरंही—

खाली बायका जमल्यात. ओवाळायचं ताट तयार आहे. कुणाचा तरी नवरा यायचाय. मला कुणी बघत नाही.

पत्र झालं. सही तेवढी राहिली. मागची पानं चाळली, तिथं लोक कुणाला तरी मधुकरराव म्हणतात. वाचता येतं. पण हात तसा वळत नाही. सही नसली तर ती म्हणेल कुणीतरी भलताच— घाई करायला हवी, डाकवाला निघेल—

सत्यभामा, मीच गं. तुझा