दुखणं जावं म्हणून

मंगळवार, ५ जानेवारी १९५४

पुन्हा तेच! तिसऱ्या तासाला फळ्यावर भागाकार लिहिताना मानेतून कळ निघाली ती थेट उजव्या भुवईत. खडू ठेवला आणि पोरींना पाढे म्हणायला लावून बसून राहिले. चौथा महिना हा. ह्यांचं आपलं एकच — "चष्मा बदल." दोनदा बदलला! आता काय डोळे बदलू?

आईचंही असंच सुरू झालं होतं. डोकं धरून बसायची, आणि पावसाळा संपायच्या आत गेली. अडतिसाव्या वर्षी. मला मार्चमध्ये अडतिसावं लागेल. हे कुणाजवळ बोलले नाही. सुधाला मात्र पोळ्या शिकवायला घेतल्यात. माझी दहा वर्षांची पोर. लाटते नकाशे, पण भाजते नीट.

गुरुवार, ७ जानेवारी

नवस मला पटत नाही. देवाशी सौदा कसला! पण डिसेंबरपासून रोजच्या सुतावर एक तास जास्त कातते, दुखणं जावं म्हणून. आज फारच दुखलं, म्हणून दोन तास कातलं.

रविवार, १० जानेवारी

शेजारच्या आनंदाबाईंनी ओढूनच नेलं — देवळीला, शोभाबाईकडे. शेतकरी बाई, सासऱ्याकडून हाडं बसवायला शिकलेली. बायकांचंच बघते. निघताना हे म्हणाले, "एवढी शिकलेली तू, आणि हाडं बसवणारीकडे?" म्हटलं, शिकलेल्या डॉक्टरांनी बसवलं असतं तर कशाला गेले असते!

पाटावर बसवलं. बराच वेळ हात लावीना, नुसती भोवती फिरून बघत राहिली. मग बोटं मानेच्या वर, जिथे कवटी टेकते तिथे. "इथं?" मी ओरडलेच. "ओरडा, ओरडा. इथं तुमच्या शाळेतल्या पोरी नाईत."

मग चटईवर उताणं निजवून माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि नुसतं धरूनच बसली. मला वाटलं, बाईला डुलकी लागली! हळूहळू मान तिच्या हातात सैल पडली. एकदा बारीकसं कट् झालं. आणि कळ — नव्हती! रडले मी. लाज सोडून रडले.

"बाई, तुमची मान सदा डाव्या अंगाले वळून राह्यते. डाव्या हातात असं काय आहे का तिकडंच पाहून राह्यता?"

चरखा! उजवा हात चाकावर, डाव्या हातात धागा, नजर धाग्यावर. सांगितलं. दुखणं जावं म्हणून जास्त कातते, तेही सांगितलं. अशी हसली की पदर तोंडाशी! "म्हंजे खपली खाजवून खाजवून म्हन्ता, जखम बरी काऊन होत नाई!"

आईचं विचारलं. "तुमच्या आईले काय झालतं मले काय ठाव? पन अशा मानेनं कोनी मरत नाई. रविवारी येजा. चरखा बंद."

बसमध्ये आनंदाबाई शेतं दाखवत होत्या. मी डावीकडे बघितलं. उजवीकडेही बघितलं!

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर खाली मान घालून लाडू वळले, डोकं एकदाही दुखलं नाही! तिळगूळ घेताना हे हळूच म्हणाले, "ती शोभाबाई खांदे पण बघते का गं?" बायकांचेच, म्हटलं. तोंड बघण्यासारखं झालं.

रविवार, २४ जानेवारी

तिसरी खेप. शोभाबाईनं मान चाचपली, पाठीवर थाप मारली. "आता येऊ नका. मले वावरात कामं नाईत काय?" चरखा उंच पाटावर ठेवून अर्धा तास चालेल म्हणाली. येताना पेरू घेतले, बसमध्येच दोन खाल्ले. किती दिवसांनी कशाची चव लागली!

सुधाला सांगितलं, दुखणं गेलं. "खरंच?" तिनं तीनदा विचारलं. आणि आता पोळ्या मीच करणार म्हटलं तर पोर आनंदानं उडीच मारील असं वाटलं होतं. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

शनिवार, ३० जानेवारी

शाळेत आज सगळ्यांची कताई. सुधाच्या वर्गाच्या विमलाबाई म्हणाल्या, "सगळ्यांत जास्त सूत तुमच्या लेकीचं! महिनाभर मधल्या सुट्टीत खेळायला म्हणून गेली नाही. टकळी घेऊन बसलेली." मी फुशारून घरी आले.

विचारलं तर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "तू दुखणं जावं म्हणून कातायचीस ना? तेवढ्यानं जात नव्हतं, म्हणून मी पण. तुझं आजीसारखं होऊ नये म्हणून."

मी घरात कुणाजवळ बोलले नव्हते!

मग मान चोळत विचारते, "तुझं आता गेलं ना, आई? मग माझी दुखते, ते सांगू का?"

चटईवर निजवली. तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि नुसती धरूनच बसले.