रिकाम्या जागांची यादी

आंबेवाडी, ता. औसा, जि. उस्मानाबाद
२८ जून १९८२

चि. अमृतराव यास सरजाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत, पण पत्र त्यासाठी नाही. तुझ्या भाचीचा बारावीचा निकाल लागला. कुशावर्ता पास झाली, पण सायन्सला एकोणचाळीस टक्केच पडले. निकाल घेऊन आली तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाही. चुलीपुढं बसते आणि काड्या मोडते.

मला तिचा राग येत नाही, सगळ्या परिस्थितीचा येतो. परीक्षेआधी दोन महिने गावातले आड आटले होते. तुझे दाजी जनावरं घेऊन छावणीवर. पोरगी पहाटे दीड कोसावरून पाण्याच्या दोन खेपा करायची आणि मग माझ्याबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला यायची. पुस्तक कधी हातात घेणार? दहावीला हिलाच अठ्ठावन्न होते.

तिला बी.एस्सी. करायचं आहे. औशाच्या शाळेत सायन्सला मास्तर टिकत नाही, अर्धं वर्ष फळा कोरा राहतो, म्हणून आपणच मास्तरीण व्हायचं असं तिनं ठरवलंय. गुरुजी म्हणतात, पन्नासच्या खाली कोणी दारात उभं करणार नाही. तू चौदा वर्षं कॉलेजच्या ऑफिसात आहेस, प्रवेशाचे सगळे कागद तुझ्या हाताखालून जातात. दुसरी काही वाट असेल तर कळव. वाट अवघड असली तरी चालेल.

चतुराला आणि लेकरांना आशीर्वाद. उत्तर लवकर आलं तर लोभ आहे असं समजेन.
तुझी अक्का


नांदेड
९ जुलै १९८२

ती. सौ. अक्का हीस अमृतचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. इकडंही उन्हाचा कहर आहे, गोदावरीत पोरं क्रिकेट खेळतात. कुशीला म्हणावं, रडून झालं असेल तर अर्धापूरची केळी पाठवतो आहे, ती खा.

आता कामाचं. आमची पहिली यादी अठ्ठावन्नला बंद झाली, दुसरी त्रेपन्नला. तिथं आशा नाही. ऑक्टोबरला पुन्हा बसून गुण वाढवता येतात, पण वर्ष हातचं जातं. बाहेरून बी.ए. करता येतं, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला जायचं. पण सायन्सला प्रयोगशाळा लागते, तिथं बाहेरून चालत नाही. राहता राहिली एक वाट, ती फारशी कोणाला माहीत नाही. सगळ्या याद्या संपल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात, त्यांच्यासाठी लेखी चाचणी होते आणि प्राचार्य स्वतः मुलाखत घेतात. टक्क्यांची अट नाही, पास असलं म्हणजे झालं. अर्ज सोबत आहे. भरून माझ्याकडेच पाठव. मी माझ्या हातानं दाखल करीन.

आणखी एक. चतुराचे मामा, लोह्याचे शेषेराव, यांचा मुलगा बी.एस्सी. होऊन शाळेत लागलाय. त्यांना शिकलेली सून हवी आहे. मी आपला सहज विषय काढून ठेवलाय. रागावू नकोस.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस, ही विनंती.
तुझा अमृत


आंबेवाडी
३ ऑगस्ट १९८२

चि. अमृतराव यास आशीर्वाद. वि. वि.

अर्ज चौदा जुलैला रजिस्टरनं पाठवला. पोच आली, तिच्यावर तुझी सही आहे. तीन आठवडे झाले, तुझ्याकडून एक ओळ नाही. ओळ आली ती लोह्याच्या शेषेरावांची. मुलीच्या हुशारीबद्दल ऐकून फार समाधान वाटलं, बघायला कधी येऊ, असं विचारलंय त्यांनी. आमच्या पोरीची हुशारी लोह्यापर्यंत गेली आणि तिच्या अर्जाचं काय झालं ते मात्र नांदेडहून इथपर्यंत येत नाही.

अरे, मी तुला स्थळ विचारलं होतं का? वाट विचारली होती. तू वाट दाखवलीस आणि त्या वाटेवरच मांडव घालून बसलास. तू मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलास तेव्हा अण्णांनी तुला वखर धरायला लावला होता. त्यांच्याशी भांडून तुला नांदेडला कोणी पाठवलं? शिपाई म्हणून लागलास, बाहेरून बी.ए. झालास, तेव्हा तुझे टक्के कोणी मोजले नाहीत. तू मागच्या दारानं आत गेलास त्याचा मला अभिमान आहे. पण आत जाऊन दाराला कडी लावून घेतली असशील तर मला ते चालायचं नाही.

केळी मिळाली. गोड होती. केळ्यांनी प्रवेश होत नाही.

काय ते स्पष्ट लिही, म्हणजे आपलं सख्य टिकेल.
अक्का


नांदेड
२१ ऑगस्ट १९८२

ती. सौ. अक्का हीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चतुराही म्हणाली की वन्सं फार चिडल्या आहेत. तुझा राग मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून मनावर घेत नाही.

अर्ज अडकला आहे तो माझ्यामुळे नाही. १५ ऑगस्टपासून तुमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. अर्जाला जोडलेला रहिवासी दाखला उस्मानाबाद जिल्ह्याचा, आणि गाव आता लातूरमध्ये. असा दाखला चालत नाही. लातूरच्या नव्या कचेरीतून नव्या जिल्ह्याचा दाखला काढून पाठव, मग मी पुढचं बघतो. घाई नाही, मुदत भरपूर आहे.

शेषेरावांना येऊन तर जाऊ दे. बघितलं म्हणजे लग्न लागलं असं नसतं.

रागातही या भावाची आठवण ठेव.
तुझा अमृत


आंबेवाडी, ता. औसा, जि. लातूर
४ सप्टेंबर १९८२

चि. अमृतराव यास आशीर्वाद.

वर जिल्हा लातूर लिहिलाय तो नीट वाच. तो लिहायला मला तीनदा लातूरला जावं लागलं.

आधी औशाच्या तहसीलीत गेले. त्यांनी हात झटकले, नवं काम लातूरला म्हणे. पहिल्या खेपेला लातूरला कचेरीच सापडेना. जिल्हा झाल्याचे फटाके वाजले, पण कचेरीवर पाटी नव्हती. कपाटं ट्रकमधून उतरत होती, आणि कागद कुठायत विचारलं तर म्हणाले, उस्मानाबादेत. दुसऱ्या खेपेला टेबल होतं, माणूस होता, दाखलाही लिहून झाला, पण शिक्का आला नव्हता. जुना शिक्का उस्मानाबादचा, तो मारला तर तुझं कॉलेज परत पाठवणार. त्या दिवशी इकडं टँकर येऊन गेला आणि आमच्या घागरी कोरड्या राहिल्या. दोन दिवस शेजारच्या धोंडाबाईनं तिच्या रांजणातलं पाणी दिलं. तिसऱ्या खेपेला सकाळी नऊपासून चारपर्यंत उभी राहिले. कामावर तीन खाडे पडले ते वेगळेच.

तिथल्या कारकुनानं विचारलं की बाई, कशाला हवाय दाखला. सांगितलं तर हसला आणि म्हणाला, नांदेडच्या कुठल्याच कॉलेजनं अजून कोणाकडं असा दाखला मागितलेला नाही, तुम्हाला कोणीतरी उगीच पळवतंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या रांगेसमोर मी त्याला खडसावलं की माझा भाऊ तिथं हेडक्लार्क आहे, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

दाखला सोबत आहे. आता एक दिवस लावू नकोस. लोह्याची मंडळी उद्या रविवारी येणार आहेत, तुझ्या शब्दाखातर चहा पाजीन, पुढं काही नाही.

माया आहे, पण पायात गोळे आलेत तोवर ती लिहायला सुचत नाही.
अक्का


आंबेवाडी
८ सप्टेंबर १९८२

ती. मामांस कुशावर्ताचा सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे.

तीस ऑगस्टला मी तुमच्या प्राचार्यांना जवाबी जोडकार्ड पाठवलं होतं, माझ्या अर्जाचं काय झालं ते विचारायला. परवा त्यांचं उत्तर आलं. माझ्या नावाचा अर्ज तुमच्या ऑफिसच्या रजिस्टरात नाही. तो कधी दाखलच झालेला नाही. रहिवासी दाखला या चाचणीसाठी लागत नाही, जिल्हा कुठलाही असो. अर्जाची शेवटची तारीख चौदा सप्टेंबर. तुम्ही लिहिलं होतं, घाई नाही.

हे असं का, त्याचा उलगडा आदल्या दिवशीच्या, रविवारच्या प्रकारातून झाला. शेषेरावांनी आमच्या ओसरीत बसून मला विचारलं की दुष्काळात एकसष्ट टक्के कसे मिळवलेस. मी एकोणचाळीस सांगितले. त्यांना वाटलं मी थट्टा करते, म्हणून गुणपत्रिका आणून दाखवली. ते चहा अर्धा ठेवून उठले. आमचे बापू त्यांच्या मागं वेशीपर्यंत गेले आणि परत येऊन कोणाकडं न बघता गोठ्यात बसले. गोठ्यात जनावर नाही हल्ली.

मामा, माझे वरचे बावीस टक्के तुम्ही कुठून आणले? मला माझ्या गुणांची लाज वाटत होती. आता वाटत नाही. ते मी पाण्याच्या खेपा करून मिळवलेत, तुमचे नुसते तोंडानं आलेत.

प्राचार्यांचं कार्ड मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती तुमच्या नावानं गाव डोक्यावर घेईल. ती एवढंच म्हणाली की लातूरच्या त्या कारकुनाला मी लई बोलले.

मी नांदेडला येते आहे. आमच्या गावच्या पार्वतम्मा तिथं दवाखान्यात आया आहेत, त्यांच्या खोलीवर उतरेन. तुमच्या घरी येणार नाही. मामींना नमस्कार सांगा, त्यांचा यात दोष नसावा.

कुशावर्ता


नांदेड
११ सप्टेंबर १९८२

ती. अक्का,

कुशीचं पत्र मिळालं. लपवण्यात आता अर्थ नाही. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे.

निकालाच्या आधीच मी शेषेरावांपुढं बोलून बसलो होतो की भाची पहिल्या यादीत येणार. मग निकाल विचारला तेव्हा तोंडातून एकसष्ट निघालं. तेच चतुराला सांगितलं, तेच ऑफिसात. रजिस्टर सगळ्यांच्या हातातून फिरतं. अर्ज दाखल केला असता तर सगळ्यांनी तो आकडा बघितला असता. म्हटलं, तारीख निघून जाईल, लग्न होईल, पोरगी लोह्याला सुखात पडेल आणि कोणाला काही कळणार नाही. जिल्ह्याचं निमित्त पेपर वाचताना सुचलं. तू तीनदा जाशील असं वाटलं नव्हतं. वाटलं, एका खेपेत कंटाळून सोडून देशील.

तू काय म्हणशील ते ऐकून घेईन.
अमृत


नांदेड
२७ सप्टेंबर १९८२

ती. सौ. आईस कुशावर्ताचा सा. न. वि. वि.

आधी बातमी. मला प्रवेश मिळाला. सात जागांसाठी एकतीस जण बसले होते, माझा नंबर चौथा आला. बापूंना लगेच सांग.

आता सगळं सांगते. चौदा तारखेला मी खिडकीसमोर रांगेत उभी राहिले, माझ्यापुढं अकरा जण. खिडकीवर मामाच होते. मला बघून त्यांनी खणातून तो जुना अर्ज काढला आणि हळूच म्हणाले की तू बाजूला हो, मी आत परस्पर करून टाकतो. मी म्हणाले, तो तुमच्याजवळच राहू द्या, मी नवा अर्ज भरून आणला आहे, तो माझ्यासमोर रजिस्टरात घ्या. मग त्यांना सगळं विचारावं लागलं, जसं इतरांना विचारत होते तसं. नाव, गाव, गुण. एकोणचाळीस टक्के मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

मामांच्या शेजारी एक कारकून होते. आंबेवाडी ऐकून ते म्हणाले की आमच्या साहेबांची भाची तुमच्याच गावची, एकसष्ट टक्के पडलेली, ओळखत असशील. मामांचा हात थांबला. मी म्हणाले, आमच्या गावात अशी कोणी मुलगी नाही. मामांनी खाली मान घालून पावती फाडली.

मुलाखतीत प्राचार्यांनी दहावीचे आणि बारावीचे गुण शेजारी ठेवून विचारलं की एवढी घसरण का. मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी पाझर तलावाचं काम कसं चालतं ते विचारलं, मग क्षार जमिनीत कसे येतात ते. मला येत होतं तेवढं बोलले.

वीस तारखेला यादी लागली. यादी मामांच्या अक्षरात आहे, नावापुढं गाव आणि बारावीचे गुण. दोन दिवस सगळं ऑफिस ती यादी वाचून जात होतं. त्या शेजारच्या कारकुनांनी मला जिन्यात बघितलं, पण काही विचारलं नाही. ते समजले असावेत.

यादी लागली त्या संध्याकाळी मामा फाटकापाशी थांबले होते. म्हणाले, झालं गेलं विसर, मामी वाट बघतेय, जेवायला चल. मी म्हणाले, ज्या दिवशी मामींना माझे खरे गुण सांगाल, त्या दिवशी मी बोलावल्याशिवाय येईन आणि भाकरीही मीच थापीन. ते म्हणाले, सांगतो. मी म्हणाले, आज. ते सायकल ढकलत निघून गेले. सात दिवस झाले, काही निरोप नाही.

तुझं मामांना पत्र गेलं नाही असं पार्वतम्मांना गावाकडून आलेल्या निरोपातून कळलं. बापू म्हणतात ना, तू बोलत नाहीस तेव्हाच जास्त चिडलेली असतेस. मला माहीत आहे, दिवाळीपर्यंत तू निवळशील. तुझा पाठचा भाऊ आहे, तू माफ कर. माझ्यावर मात्र त्याची जबरदस्ती करू नकोस. रोज वर्गात जाताना त्यांच्या खिडकीवरून जावं लागतं. त्यांनी मान वर केली तर मी नमस्कार करते, जसा हेडक्लार्कना सगळी मुलं करतात तसा.

टँकर येतो का ते कळव. तुझ्या पायांना तेल लाव आणि माझी काळजी करू नकोस.
तुझी कुशावर्ता