अठ्ठावीस सह्या

एली, नेवाडा
९ सप्टेंबर १९८७

प्रिय क्लाइड,

एमस गेल्यावर सात महिन्यांनी का होईना, तुझं सांत्वनाचं कार्ड मिळालं. माझं बरं चाललंय. जर्दाळूंचा मुरंबा घातला. गुडघे कुरकुरतात, आणि वारा नेहमीसारखी धूळ घरात आणून टाकतो. शनिवारी रीनोच्या मेळाव्यात जुन्या खाणींचे छापील शेअर छंद म्हणून जमवणारे सगळे मिळून तुझा सत्कार करणार, हेही कळलं.

परवा एमसची पत्र्याची पेटी उघडली. त्यात एक वही सापडली. पानोपान एकच सही, सिल्व्हर लार्क खाणीच्या अध्यक्षांची. माझ्या नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शेवटच्या पानापर्यंत त्याला ती जमलेली नाही.

तुला आपल्या तरुणपणीचा तो मेळावा आठवत असेलच. एमसच्या टेबलावरचे शेअर तूच विकायला दिलेले, आणि सह्या खोट्या निघाल्यावर तूच, माझा सख्खा भाऊ, उभा राहिलास. "मेव्हण्यावर विश्वास टाकला, हीच माझी चूक," म्हणालास. एमस बोलायला उठला होता. त्याने एक कागद उचलून सही न्याहाळली आणि खाली बसला. "हो, मीच केल्यात," म्हणाला. घरी येईपर्यंत मी त्याला फैलावर घेत होते. पुढे सहा वर्षं तिथल्या कुणी त्याच्यासोबत कॉफी घेतली नाही, आणि मी गप्प राहिले.

कारण त्या सह्या माझ्या होत्या, क्लाइड. मी एकोणीस वर्षांची होते. "तुझं अक्षर मोत्यासारखं गं," तू म्हणालास, "गंमत आहे, भिंतीवर लावायचेत." मला वाटायचं, एमसला ठाऊक नाही, तुझी लाज राखायला त्याने आळ अंगावर घेतला. त्याने माझं अक्षर पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. कुणी 'करून दाखव' म्हणालं तर मी सापडू नये, म्हणून बिचारा ती सही गिरवत बसायचा.

तू कोऱ्या कागदांसोबत पाठवलेली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: "अठ्ठावीस आहेत. जुनी शाई वापर. क्लाइड." शनिवारी ती घेऊन येते. माझी अब्रू जाईल, जाऊ दे. तुझी गेलेली मला डोळ्यांनी बघायची आहे.

व्यासपीठावर कोरा कागद आणि टाक ठेवायला सांग. एमसला न जमलेली सही मी सगळ्यांसमोर करून दाखवणार आहे.

एमसची बायको,
व्हर्ना