न ओळखलेला मुखवटा

नॉर्डाल, मिनेसोटा
२ जानेवारी १९२७

चि. आयनारास,

तक्रार गंभीर आहे. नाताळात मुखवटे घालून घरोघर हिंडावे आणि यजमानाने आत कोण ते ओळखावे, हे मान्य. पण बोकडाच्या मुखवट्याखाली माझाच जुना कोट, तोही चुकीच्या गुंड्या लावून?

तेवीस वर्षांत एकही मुखवटा माझ्या नजरेतून सुटला नव्हता. यंदा मी हरलो. "काय मास्तर, म्हातारे झालात!" शेजारचा ओस्मुंड खिदळला. रीतीप्रमाणे न ओळखलेला पाहुणा तोंड न दाखवता गेला.

खरे म्हणजे दारातच ओळखले होते. ती ताठ चाल आपल्या घराण्याची. पण दोन वर्षांपूर्वी 'चालता हो' मीच म्हणालो होतो. नाव घेतले असते, तर मुखवटा उतरवून तू काय बोलला असतास, याला भ्यालो.

तुझा पत्ता माझ्यापाशी नाही, म्हणून हे पत्र खणातच राहील. पुढच्या नाताळात येशील ना, एवढीच काळजी आहे.

तुझा बाप,
हाल्वर