सरकारी टेकडीवर आबा

दादा,

घाट खचलाय, यंदा छुसॉकच्या सणाला आबांच्या कबरीच्या पूजेसाठी गावी येऊ नकोस, असं फोनवर म्हणालो ती थाप होती.

सरकारनं मला विकलेली टेकडी सरकारची नव्हतीच. मूळ मालकीण प्यो आजी कोर्टात जिंकल्या. कचेरीतला साहेब म्हणतो, "किंमत परत घ्या. वडिलांची कबर तुम्ही हौसेनं हलवलीत, त्याला सरकार काय करणार?"

तू नको म्हणत होतास. "सरकारकडून घेतलेल्या जागेवरून कोण उठवणार?" असं तुलाच सुनावून मी आबांना तिथं नेलं.

काल तोंड लपवत कबरीवरचं गवत कापायला गेलो, तर ते कापलेलं. प्यो आजी घाम पुसत म्हणाल्या, "सणासुदीला पाहुण्याला असं कसं ठेवायचं?"

मी माझा विळा पाठीमागे लपवला.

तुझा धाकटा,
ब्योंगहो